आरशावरचा कोळी

“बाबा, खाली टेम्पो येऊन उभा हाय. आता तरी आरशाले हात लावू द्या.” शालू ओला फडका घेऊन उभी होती.

“थांब जराशी,” शेषराव पुटपुटले. “नाचून राह्यला तो.”

“कोन?”

“कोळी.”

सुनेने कपाळावर हात मारला. अकोल्याची ही खोली आज रिकामी करायची होती. सासऱ्यांना अमरावतीला न्यायला ती सकाळीच आली होती. तिच्या नवऱ्याच्या, विपुलच्या, फ्लॅटमध्ये हे सागवानी कपाट मावत नव्हते, म्हणून जुने फर्निचर घेणाऱ्याला ते द्यायचे ठरले होते. पण कपाट जाणार म्हटले की शेषराव अंथरूण धरत. दोनदा बेत मोडला होता. कपाटाच्या आरशावर त्यांच्या बायकोच्या, केशरबाईंच्या, टिकल्या होत्या, अंघोळीआधी काढून चिकटवलेल्या. केशरबाई गेल्यापासून शेषरावांनी तो आरसा कुणाला पुसू दिला नव्हता.

एका काळसर टिकलीसमोर मुगाच्या दाण्याएवढा कोळी उभा होता. जाळे न विणणारा, उड्या मारणारा. पुढचे दोन्ही पाय त्याने वर उचलले होते. तोंडापाशी पांढरे झुबके हलवत तो थोडा डावीकडे सरकायचा, थोडा उजवीकडे. पोट थरथरवायचा आणि थांबून पाहायचा.

“मादीले असंच दाखवते तो,” शेषराव म्हणाले. “जवळ जाची घाई करत नाई. पसंत नसन तं ती खाते बी त्याले.”

एसटीच्या आरक्षण खिडकीमागे या माणसाची सगळी नोकरी झाली. न बोलता पाहत राहण्याची सवय तिथलीच. आजारपणात केशरबाईंना त्यांनी खिडकीच्या जाळीवर असाच एक नर दाखवला होता. त्या हसल्या होत्या. “त्यानं पाय तं उचलले! तुमी मले पाहाले आले तवा पंख्याकडंच पाहून राह्यले होते.”

“पन बाबा, मादी कुठं हाय? ते तं टिक…” शालू मध्येच थांबली. फडका तिने पाठीमागे घेतला.

“मालूम हाय मले,” शेषराव म्हणाले. “त्याले मालूम नाई.”

दोघे पाहत राहिले. कोळी अगदी जवळ गेला. पुढच्या पायाने त्याने टिकलीला हलकेच शिवून पाहिले. थांबला. पुन्हा शिवला. शेषरावांना वाटत होते, हा आता दिवसभर असाच नाचणार. पण त्याने पाय खाली घेतले, डोळ्यांवरून झुबके फिरवले, आणि वळून भिंतीवर उडी मारली. तिथून खिडकीबाहेर गेला.

खालून हॉर्न वाजला.

“सांगू का त्याईले, उद्या या म्हणून?” शालूने हळू विचारले.

शेषराव उठले. स्वतःच गॅलरीत गेले. “या वरतं,” त्यांनी हाक दिली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा दिली.

“टिकल्या काढून ठेवू, बाबा?”

“राहू दे. तिनं लावल्या तिथंच राहू दे.”

हमालांनी कपाट उचलले. आरसा शेषरावांच्या बाजूला होता. जिना उतरेपर्यंत टिकल्यांमागे ते स्वतःला दिसत राहिले, दारात उभे, हात कुठे ठेवावेत ते न कळलेले. वळणावर कपाट फिरले, आणि आरशात नुसती भिंत उरली.