धुलाईखान्याचे पंधरा फोटो

छायाचित्र संस्थेची सन्मानपदवी मिळवायची तर पंधरा फोटोंचा संच पाच परीक्षकांपुढे मांडावा लागतो. तिने पहिल्यांदा मांडला तेव्हा त्यात सूर्यास्त होता, धुक्यातला पूल होता, सुरकुतलेला एक म्हाताराही होता. निकाल लागला: नापास. सोबत एका परीक्षकाची चिठ्ठी होती. "फोटो सुबक आहेत, पण हे कुणीही काढले असते."

तो 'कुणीही' तिच्या जिव्हारी लागला. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात बावीस वर्षं चादरींच्या घड्या घालत होती. जिवाला विरंगुळा म्हणून काय तो कॅमेरा. आठवडाभर तिने त्याला हात लावला नाही.

थोरली नणंद तिच्या घरीच राहायची. जिभेने तिखट, मनाने साफ. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "वहिनी, तू रोज ताटावर बसलीस की धुलाईखान्याचं पुराण लावतेस. आज लंबू काय बोलला, काकीचा चष्मा वाफेने कसा धुरकटला. आम्हाला तोंडपाठ झालंय सगळं. पण त्याचा एक तरी फोटो आहे का तुझ्याकडे?"

"तिथे काय आहे बघण्यासारखं, ताई? चादरीच चादरी."

"मग इतकी वर्षं आमचे कान किटले ते कशाने?"



दुसऱ्याच दिवशी तिने साहेबांची परवानगी काढली: आपल्या वाट्याचं काम आटोपलं की अर्धा तास. पहिले फोटो पार फसले. पांढऱ्यावर पांढरं, चादरी नुसत्या चुन्याच्या भिंती दिसत होत्या. मग तिच्या ध्यानात आलं, साडेचारच्या सुमारास वरच्या झरोक्यातून ऊन तिरपं उतरतं आणि कापडाची चुणी न् चुणी उठून दिसते. वर्षभर ती त्या उन्हाच्या मागावर राहिली. इस्त्रीच्या रोलरवरचा लंबू सुरुवातीला कॅमेरा दिसला की पोट आत घ्यायचा. दोन महिन्यांनी कंटाळून त्याने ते सोडलं, आणि खरे फोटो तिथून मिळू लागले.

चारशेंतून पंधरा निवडायला दोघी नणंद-भावजय जमिनीवर प्रिंट पसरून बसल्या. मधोमध तिचा लाडका फोटो होता: वाफेच्या लोटातून बाहेर येणारा लंबू, डोक्यावर गाठोडं, अंगभर ऊन.

"हा काढून टाक," नणंद म्हणाली.

"अहो ताई, हा तर सगळ्यात भारी!"

"म्हणूनच. घरात एकच जण ओरडत राहिला तर बाकीच्यांचं कोण ऐकणार?"

आतून नवऱ्याचा आवाज आला, "हे तू सांगतेस, ताई?"

दोघी हसल्या, पण फोटो काही तिच्याने काढवेना. दोन दिवस तिने तो लावला, काढला, पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशी त्या जागी एक साधासा फोटो ठेवला: घडीवरची काकी आणि तिची जोडीदारीण दोन टोकांनी चादर ताणताहेत, चेहरे कापडाआड, दिसतात फक्त चार हात. आणि काय आश्चर्य, पंधराही फोटो एकमेकांशी बोलायला लागले.

परीक्षणाच्या दिवशी दालन गच्च भरलं होतं. तिच्या आधीचे तीन संच ओळीने नापास झाले. तिच्या शेजारी नणंद बसली होती. मागच्या रांगेत लंबू, काकी आणि पाळीतली सगळी मंडळी ठेवणीतले कपडे घालून बसली होती.

पंधरा फोटो पाच-पाचच्या तीन ओळींत लागले. परीक्षक नाक टेकेल इतके जवळ जाऊन बघत होते. एकजण जागेवर जाऊन बसला, पुन्हा उठला आणि त्या चार हातांपुढे उभा राहिला.

"यांना चादर किती वेळ अशी धरायला लावलीत?" त्याने विचारलं.

ती उठून म्हणाली, "लावली नाही साहेब. त्या दोघी दिवसातून आठशे वेळा अशीच ताणतात."

मतं मोजली गेली. अध्यक्ष उभे राहिले. "पाचापैकी पाच. पदवी दिली!"

टाळ्या सुरू व्हायच्या आत लंबूची शिट्टी घुमली. नणंदेने तिला असं काही कवटाळलं, की तिला श्वास घेता येईना. परीक्षक हात मिळवायला आले, कुणी पुढच्या प्रदर्शनाचं विचारलं, ती मान डोलावत राहिली. पण तिचं लक्ष होतं भिंतीकडे. तिथे काकी येईल त्या अनोळखी माणसाला थांबवत होती आणि बोट दाखवून सांगत होती, "हे डावीकडचे दोन हात आहेत ना, ते माझे."