चढाचं चक्र

आशयला आपल्या माउंटन बाइकच्या पेडलपाशी तीनऐवजी एकच दातेरी चक्र हवं होतं. बत्तीस दात्यांचं घ्यावं की चौतीस, यावरून आठ दिवस त्याने माझं डोकं खाल्लं. सहा वर्षं दर रविवारी याच सायकलवरून केरव्याच्या टेकड्या चढणारा नवरा, म्हणून मी ऐकून घेतलं. शेवटी कंटाळून मीच त्याला एमपी नगरच्या दुकानात नेलं.

मेकॅनिकने तिन्ही चक्रं काढून काउंटरवर ठेवली. मधल्याचे दाते झिजले होते. चढासाठी असतं ते सगळ्यात लहान चक्र मात्र कोरं करकरीत होतं.

"ये तो कभी चला ही नहीं," मेकॅनिक म्हणाला.

"बत्तीस ही लगा दो," आशय घाईघाईने म्हणाला.

मी विचारलं, "रविवारी मग तू जातोस कुठे?"