साखरेच्या डब्याचं कुलूप

परीक्षानळीतलं निळं औषध उकळता उकळता हिरवं झालं, मग पिवळं आणि शेवटी विटकरी. शंकररावांनी स्पिरिटचा दिवा विझवला आणि नळी खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा पाहिली. विटकरी ते विटकरीच.

"परत शुगर," ते म्हणाले. "रूपाली, खरं सांग. काय खाल्लंस?"

"काही नाही खाल्लं, बाबा. कालपण हेच सांगितलं."

"मग ही लघवी खोटं बोलायली का?"

रूपाली तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि पुन्हा पुस्तकाशी जाऊन बसली. लहानपणीच तिच्या शरीराने इन्शुलिन बनवणं सोडून दिलं होतं, तेव्हापासून रोज सकाळी शंकरराव तिला सुई टोचत. इतकी वर्षं सगळं नीट चाललं होतं. आता मेडिकलची प्रवेश परीक्षा तोंडावर आली आणि पोरगी वाळत चालली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

शंकरराव टेलिफोन खात्यात लाइनमन. नांदेडकडून हैदराबादला आले, नल्लकुंट्यात दोन खोल्या केल्या आणि खांबावर चढण्यात आयुष्य गेलं. हल्ली तर उसंत नव्हती. सरकारने बाजार मोकळा केला म्हणत होते, आणि वर्षानुवर्षं फोनसाठी नंबर लावून बसलेल्यांच्या घरी एकदमच घंटी वाजायला लागली होती. लाइन बंद पडली की कुठं बिघडलं ते शोधायचं, हा त्यांचा धंदा. घरातला बिघाडही त्यांनी त्याच हिशेबाने शोधून काढला. औषध तेच, डोस उलट डॉक्टरांनी वाढवलेला, जेवण बायकोच्या, सरूबाईच्या हातचं मोजूनमापून. मग उरलं काय? पोरीचं तोंड. त्यांनी कामावरच्या पिशवीतलं पितळी कुलूप आणलं आणि साखरेच्या डब्याला ठोकलं.

"डब्याला नाही, पोरीला कुलूप घातलंत तुम्ही," सरूबाई म्हणाली.

"तू मधे पडू नक्को. शुगर उतरली नाही तर परीक्षा नाही. नांदेडला अंबाजीमामाकडे जाऊ दे, आराम करू दे. परीक्षा काय, पुढच्या वर्षी पण होते."

रूपालीने हे ऐकलं. रडली नाही, पण त्या दिवसापासून बापाशी बोलणं टाकलं. सुईसाठी दंड पुढे करायची आणि भिंतीकडे बघत राहायची. शंकररावांना ते टोचणं नको नको व्हायचं. माणूस वाईट नव्हता हो. पोरीवर जीव होता, म्हणूनच तर सगळा घोळ झाला.

चिक्कडपल्लीच्या दवाखान्यात सुलभाताई डॉक्टरांनी रूपालीचं वजन केलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"डोस आणखी किती वाढवायचा?" त्या म्हणाल्या. "शीशी आणलीय का? कुठं ठेवता ती?"

इतका वेळ मान खाली घालून बसलेले शंकरराव खुलले. "त्याची काळजीच नाही, मॅडम. नवा फ्रीज घेतला या उन्हाळ्यात, सुलतान बाजारातून. पहिली वस्तू ठेवली ती हिची शीशी. एकदम वरच्या खणात, बर्फात. तिथं दुसरं काही ठेवू देत नाही मी. शेजारचं पोर बर्फ मागायला आलं तर परत पाठवतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बर्फात? मग गोठलेली सुईत कशी भरता?"

"सकाळी उठून दोन्ही तळव्यांत धरून बसतो. हळूहळू वितळते. मग हिला उठवतो."

"आणि फ्रीजच्या आधी?"

"माठात. डब्यात घालून. घरातली सगळ्यात थंड जागा तीच होती ना."

"माठ बरा होता की हो," सुलभाताई हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पेशी म्हणजे दार लावलेलं घर. इन्शुलिन आत जात नाही, पेशीच्या बाहेरच एका खाचेत जाऊन बसतं. ते बसलं की आतलं काहीतरी हलतं, ते पुढच्याला हलवतं, निरोप असा हातोहात आत पोचतो आणि साखरेसाठी दारं उघडतात.

"रिसेप्टर," रूपाली पुटपुटली. "धडा आहे आम्हाला."

"म्हणजे आपल्या फोनसारखं," शंकरराव म्हणाले. "आवाज तारेतून जातच नाही. इकडं त्याचा करंट होतो, तिकडं करंटचा परत आवाज."

"अगदी तसंच. पण इन्शुलिन गोठून वितळलं की त्याचा घाट बिघडतो, गाठी होतात. मग ते खाचेत बसतच नाही. पेशी निरोपाची वाट बघत राहते आणि साखर बाहेर रक्तातच फिरते. मुलीने काही खाल्लेलं नाही, शंकरराव. तिच्यापर्यंत औषधच पोचत नव्हतं."

शंकरराव आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. त्यांना काय वाटलं असेल ते बाप माणसालाच कळेल.

डॉक्टरांनी नवी शीशी लिहून दिली, डोस वाढवण्याआधीचाच ठेवला. "फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, नाहीतर माठात. आणि एक ध्यानात ठेवा. दारं आता पुन्हा उघडायला लागतील. कधी जरा जास्तच उघडली तर साखर खाली जाईल, घाम सुटेल, हात कापतील. तेव्हा लगेच साखर तोंडात टाकायची. साखर हिच्या हाताशी पाहिजे."

रूपालीने बापाकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं. शंकररावांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी कुलूप काढलं.

"चुकलं माझं," ते डब्याकडे बघत म्हणाले. "तू खरं बोलत होतीस अन् मी तुला चोर ठरवलं."

रूपालीचे डोळे भरून आले, पण तिने हसून वेळ मारून नेली. "सुई एवढी गार कशी लागते, हे मी पण नाही विचारलं. नवा फ्रीज आहे, असेल म्हटलं."

सरूबाईने माठ घासून पुन्हा जागेवर मांडला. नवी शीशी डब्यात घालून त्यात सोडली. फ्रीजवर तिचा विश्वास आता बसणार नव्हता. वरच्या खणात बर्फ व्हायला लागला आणि शेजारच्या पोराची चंगळ झाली. नळीतला रंग विटकरीचा पिवळा झाला, मग हिरवा. एका सकाळी औषध निळंच राहिलं तेव्हा शंकरराव ती नळी घेऊन अख्ख्या वाड्यात फिरले. लघवीची नळी ती, पण कुणी नाक मुरडलं नाही.

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर त्यांनी शर्टाच्या खिशातून साखरेची पुडी काढली. सकाळी स्वतः बांधली होती.

"हे ठेव. कसंतरी झालं की खा. कुणाला विचारत बसू नक्को."

"तुम्हाला पण नाही?"

"मला पण नाही."

रूपाली पुडी कंपासपेटीत टाकून आत गेली. शंकरराव लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले. आजूबाजूचे आईबाप कटऑफचं बोलत होते. त्यांच्या मनात फक्त तिचे हात होते.

घंटा झाली. गर्दीतून रूपाली बाहेर आली ती थेट त्यांच्यासमोर, आणि तिने चुरगळलेला कागद पुढे केला. रिकामा.

"मधेच घाम सुटला, पेन धरवेना. सगळी खाल्ली. मग बरं वाटलं."

"खाल्लीस?"

"हौ. खाल्ली."

शंकररावांनी कागद हातात घेतला. घडीत चार दाणे अडकले होते. ते त्यांनी जिभेवर ठेवले, कागदाची घडी केली आणि खिशात जपून ठेवला. पेपर कसा गेला, ते त्यांनी बसमध्ये बसल्यावर विचारलं.