जास्तीचं बूच

या गाडीच्या डिकीच्या तळाला सतरा भोकं होती. अडाण्याला वाटतं, भोक म्हणजे दोष, बुजवा आणि मोकळे व्हा. असं बुजवून मोकळे झालेल्यांच्या गाड्या दोन वर्षांनी कुजक्या पत्र्यासकट, जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मास्तरच्या दारात यायच्या. मास्तर त्यांना आधी चहा द्यायचा आणि मग यथेच्छ तोंडसुख घ्यायचा. सतरांतली तेरा भोकं गाडी बनवणाऱ्यांच्या सोयीची. ती मुक्या बुचांनी बंद करायची. उरलेली चार मागच्या चाकांच्या पाठीमागे, डिकीच्या दोन्ही खोलगट कोपऱ्यांत. पाणी कितीही अडवलं तरी डिकीत थोडं शिरतंच, आणि शिरलेलं पाणी त्या कोपऱ्यांतच जाऊन बसतं. म्हणून तिथे तोंडाची बुचं लागतात. दोन्ही जाती काळ्या रबराच्या, एकाच मापाच्या. फरक एवढाच की तोंडाच्या बुचाला मधोमध केसासारखी चीर असते. वर पाणी साठलं की ती उघडते, पाणी खाली सोडते आणि पुन्हा मिटते. डोळ्याला ती सहजी दिसत नाही, अंगठा फिरवला की कळते.

मास्तरच्या अंगठ्याला गेले आठ महिने काही कळत नव्हतं.

आधी तर्जनीचं टोक बधिर झालं, मग मधलं बोट, मग अंगठा, आणि मग दुसऱ्या हातानेही तोच कित्ता गिरवला. पत्र्यावर तळहात फिरवून डोळ्याला न दिसणारा पोचा सांगणारा माणूस म्हणून मास्तरची ख्याती होती. आता तो हात फिरवायचा तो निव्वळ देखाव्यासाठी. ‘ठीक आहे’ म्हणायचा, आणि बारकी त्यावर विश्वास ठेवून पुढचं काम धरायची.

बारकी म्हणजे त्याची धाकटी लेक. वय तेहतीस, उंची बापापेक्षा जास्त, पण घरात एकदा पडलेलं नाव कोण बदलणार. वर्कशॉपमध्ये ती आणि मास्तर, दोघंच. तिला बोटांचं कळलं तर ती भांडणार नाही, हे मास्तरला ठाऊक होतं. ती मायेने त्याच्या हातातली हातोडी काढून घेईल आणि त्याला खुर्ची देईल. त्या खुर्चीची त्याला धडकी भरली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत त्याने आठ महिने मूठ झाकून ठेवली होती.

घोळ तीन दिवसांपूर्वी झाला. बुचं बसवणं आणि त्यांच्या कडांवरून खालच्या अंगाला काळा लेप मारणं ही दोन कामं मास्तर कधी कुणाला देत नसे. चाकांच्या फळीवर उताणा पडून तो गाडीखाली गेला. बुचांचा डबा पोटावर, बारकी चार पावलांवर डिकीचा गालिचा कापत बसलेली. चष्मा लावून एकेक बूच टॉर्चसमोर धरलं असतं तर काम बिनचूक झालं असतं. पण मास्तर बुचं डोळ्यांनी निवडतोय हे बारकीने पाहिलं असतं, तर तिने तिथल्या तिथे विचारलं असतं. म्हणून तो नेहमीसारखा, न बघता, शीळ वाजवत भराभर बसवत गेला. कडांना लेपही मारून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डबा उघडला. तोंडाची बुचं सहा आणली होती. चार लागायची, दोन उरायला हवी होती. डब्यात तीन होती.

म्हणजे कोपऱ्यांतल्या चार भोकांपैकी एकात मुकं बूच गेलं होतं. कुठल्या, ते सांगता येत नव्हतं; काळ्या लेपात काळं रबर, चारही सारखीच. एकटं असताना आतून तांब्याभर पाणी ओतलं असतं तरी उलगडा झाला असता, पण बारकी तीन दिवस गाडीपासून हलली नाही. आणि हलणार तरी कशी? कुजलेले कोपरे कापून नवा पत्रा जोडण्याचं काम या गाडीवर पहिल्यांदाच तिने एकटीने केलं होतं. येताजाता ती डिकी उघडून ते जोड बघायची. मास्तरने डबा बंद करून फळीवर सगळ्यांत मागे सारला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्यालाही कळत होतं, पण झाकायचं काही तो थांबला नाही.

आज गाडी जायची होती. मालकीणबाई दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त. गाडी त्यांच्या वडिलांची. दुपारी निघून थेट बहिणीच्या गावी जायचं म्हणून बॅग घेऊनच सकाळी दहाला हजर झाल्या.

“मास्तर, तुमचं काम माझ्या उलट आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे भोक दिसलं की बुजवायचं. तुम्ही मुद्दाम ठेवता.”

मास्तर हसला, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

“पाण्याची परीक्षा तेवढी राहिलीय,” बारकी म्हणाली. “अर्धा तास. एकजण डिकीत बसतो, झाकण लावायचं, आणि बाहेरून पाइपने झोडपायचं. आत कुठे गळतं ते आतला बघतो. मी बसते आज. बाबा, तुमचे गुडघे नाही म्हणतायत.”

“गुडघ्यांना कोण विचारतंय?” मास्तर म्हणाला. “बुचं माझी, आत मी बसणार.”

“बाबा, उगाच हट्ट—”

“सांगितलं ना.”

आवाज जरा जास्तच चढला. बारकीने बापाकडे पाहिलं, खांदे उडवले आणि पाइप उलगडायला गेली. स्टेपनी काढून ठेवलेली होती. मास्तर टॉर्च आणि फडकं घेऊन, गुडघे छातीशी घेऊन आत आडवा झाला. खिशात त्याने बारका स्क्रूड्रायव्हर आधीच टाकला होता. झाकण बंद झालं.

खुणा ठरलेल्या होत्या, कारण पाणी सुरू झालं की आत बोललेलं बाहेर पोचत नाही. बाहेरून एक टकटक म्हणजे ‘कसं काय?’ आतून एक म्हणजे कोरडं, दोन म्हणजे ओलं.

पाणी आदळलं आणि डिकीभर नुसता आवाज भरला. बारकीने डावी बाजू धरली होती. मास्तरने टॉर्च झाकणाच्या रबरावरून फिरवला. रबर कोरडं. मागच्या काचेची कड कोरडी. डाव्या दिव्याच्या पाठीमागून मात्र एक बारीक ओघळ निघाला आणि पत्र्याच्या घडीतून सरळ डाव्या कोपऱ्यात उतरला. एवढं पाणी येणारच. त्याच्यासाठीच तर भोकं ठेवलेली.

त्याने सवयीने कोपऱ्यात बोटं घातली. बोटांनी काहीच सांगितलं नाही. ओलं की सुकं, गार की गरम, काही नाही. टॉर्चच्या उजेडात चकाकत होतं, पण नवा रंगही तसाच चकाकतो. शेवटी तो कसाबसा कुशीवर वळला, मान वाकडी केली आणि गाल पत्र्याला टेकवला.

गार पाणी लागलं. डाव्या कोपऱ्याच्या दोन भोकांमध्ये पत्र्याचा उंचवटा होता. चाकाकडच्या बाजूला गाल लावला तर नुसती ओल. तिथलं बूच पाणी सोडत होतं. आतल्या बाजूला मात्र डबकं धरलं होतं, आणि ते वाढत होतं.

म्हणजे इथे. त्याने फडक्याने पाणी टिपायला सुरुवात केली. टिपलं की पुन्हा साठत होतं. फडकं भरलं की नाही तेही हाताला कळेना. दर वेळी टॉर्चसमोर धरून बघावं लागत होतं. आणि तेवढ्यात बाहेरून टकटक झाली.

त्याने मूठ वर नेली आणि झाकणावर एकदाच वाजवलं. कोरडं.

पाण्याचा आवाज सरकत उजव्या बाजूला गेला. आता दहा मिनिटं होती. बूच आतूनच खाली ढकललं की भोक मोकळं होईल, नंतर संधी साधून नवं बसवू, बाईंना काय कळतंय, बारकीलाही कळायचं कारण नाही. त्याला सगळं लख्ख दिसत होतं. त्याने टॉर्च दातांत धरला, स्क्रूड्रायव्हर बुचाच्या कडेला लावला आणि रेटा दिला. बूच हललं नाही. खालचा लेप त्यानेच चांगला जाड मारला होता. पुन्हा रेटा दिला. स्क्रूड्रायव्हर निसटून कुठेतरी आपटला. त्याने चाचपडून तो उचलला आणि परत लावला.

डबक्यातलं पाणी लाल दिसायला लागलं.

आधी त्याला वाटलं, टॉर्चचा उजेड. मग वाटलं, गंज. पण इथे गंज कुठला, सगळा पत्रा नवा. मग त्याने हात वर धरला. तर्जनीचं पेर एका बाजूने उघडलं होतं आणि रक्त मनगटापर्यंत आलं होतं. दुखत मात्र काहीच नव्हतं. आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच खरा घाबरला. बोट कापलं ते एक वेळ ठीक, पण ते कापलंय हे पाण्याच्या रंगावरून ओळखावं लागलं होतं.

टॉर्च दातांतून खाली वळला आणि कोपऱ्यावर पडला. पाण्याच्या काठाला बारकीचा जोड होता. एकसारखा, घाईचा एक टाका नाही. हा जोड घालताना तिने तीन वेळा पत्रा फेकून दिला होता आणि चौथ्यांदा मास्तरला हाक मारून विचारलं होतं, “हात फिरवून सांगा, बाबा.” त्याने हात फिरवला होता आणि काहीही न कळता ‘ठीक आहे’ म्हटलं होतं. जोड खरोखरच उत्तम होता, हे आता त्याला डोळ्यांनी दिसत होतं. पाणी त्याला लागलेलं होतं. उद्या नाही, परवा नाही, पण दोन वर्षांत तो इथूनच कुजला असता, आणि लोकांनी म्हटलं असतं, पोरीचं काम कच्चं.

मास्तरला स्वतःची शिसारी आली. आपली खुर्ची टाळायला आपण लेकीचं काम पाण्यात बुडवत होतो.

बाहेरून कुणी विचारलं नव्हतं. त्याने मूठ उचलली आणि झाकणावर दोनदा वाजवलं. पाण्याचा आवाज चालूच होता. पुन्हा दोन. पुन्हा दोन. चौथ्या खेपेला पाणी बंद झालं आणि झाकण उघडलं.

“काय झालं?” बारकी म्हणाली, आणि मग तिला हात दिसला. “हे काय केलंत?”

डॉक्टरबाई पुढे आल्या. त्यांनी मास्तरला हाताला धरून बंपरवर बसवलं, बॅगेतून कापूस आणि पट्टी काढली आणि उघड्या पेरावर औषधाचा बोळा दाबला. असा दाब बसला की भलाभला माणूस हात ओढून घेतो. मास्तर हाताकडे नुसता बघत बसला. बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग मुद्दाम आणखी जोराने दाबलं. मास्तर तसाच.

“लागतंय का?” त्यांनी हळू विचारलं.

“नाही,” मास्तर म्हणाला. “आठ महिने झाले. काही लागत नाही.” आणि मग लेकीकडे न बघता त्याने सगळं सांगून टाकलं. दोन्ही हात, न बघता बसवलेली बुचं, डब्यात उरलेली तीन, सगळं.

बारकीच्या हातात पाइप होता. त्यातून अजून थेंब पडत होते.

“डावीकडे मी विचारलं तेव्हा तुम्ही एकदा वाजवलंत.”

“हो.”

“पाणी होतं तेव्हा?”

“होतं. खोटं वाजवलं.”

तिने पाइप खाली टाकला. डिकीत वाकून ती कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. सरळ झाली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि ती संतापलेली होती, दोन्ही एकदम.

“तीन दिवस मी इथे घिरट्या घालत होते, बाबा. एका शब्दाने सांगितलं असतंत—”

“हातोडी काढून घेतली असतीस.”

“घेतली असती,” बारकी म्हणाली. “घेतलीच असती.”

ती बाईंकडे वळली. “गाडी आज जाणार नाही.”

“मी बहिणीला फोन करते,” बाई म्हणाल्या आणि बॅग उचलून आत गेल्या.

बारकीने चाकांची फळी ओढली, उताणी पडली आणि गाडीखाली सरकली. मास्तर पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बंपरजवळ बसून राहिला. आता उठून कुठे जावं, हे त्याला सुचत नव्हतं. खाली टॉर्चचा उजेड इकडून तिकडे फिरत होता.

“नुसतं काळं दिसतंय सगळं,” खालून तिचा आवाज आला. अजून रागातच होता. “डाव्या कोपऱ्यातलं आतलं भोक. कुठे धरू?”

मास्तरने डोळे मिटले. ते भोक त्याला डोळे मिटूनच जास्त नीट माहीत होतं. “मागच्या जोडापासून आत तीन बोटं,” तो म्हणाला. “तिथून चाकाकडे चार.”

खालचा उजेड थांबला.

“कुणाची बोटं? तुमची की माझी?”

मास्तरने मांडीवरच्या हाताकडे एकदा पाहिलं.

“तुझी,” तो म्हणाला. “इथून पुढे तुझीच धर.”