गफूरने शिवलेली अठ्ठावीस पाने

मी एक जुनी पुस्तिका आहे. खरे सांगायचे तर पुस्तिकेचा उरलेला तुकडा. मला मुखपृष्ठ नाही, शेवट नाही. अठ्ठावीस पाने तेवढी शिडाच्या जाड दोऱ्याने शिवलेली आहेत, आणि ती घेऊन मी हर्णैच्या एका घरात फळीवर पडून असते. मित्रांनो, हसू नका. एके काळी माझा तोरा फार होता.

माझा जन्म १९६० साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका छापखान्यात झाला. प्रवासी कंपनीच्या सहलीत न जाता स्वतःच्या हिमतीवर परदेश पाहणाऱ्या अमेरिकन माणसाने कसे वागावे, हे सांगण्यासाठी मला छापले होते. पाणी उकळूनच प्या. बर्फाला शिवू नका. फळ स्वतः सोलून खा. फोटो काढण्याआधी विचारा. वाट चुकू नये म्हणून नव्या शहरात रस्त्यांचा छोटा नकाशा काढून ठेवा. सामान हलके ठेवा, आणि माझी जी पाने वाचून झाली ती फाडून टाका. हा शेवटचा सल्ला देताना मला काहीच वाटले नाही. आपलेच कातडे सोलायला मी लोकांना सांगत होते, तेही शहाणपणाच्या थाटात.

मला डेल साहेबांनी विकत घेतले. ते शाळेत भूगोल शिकवत आणि शिक्षकच असल्यामुळे छापील शब्दाबाहेर जात नसत. बैरूत झाले, बगदाद झाले. दर मुक्कामाला ते माझी वाचून झालेली पाने टरकावत आणि जमिनीवर टाकून देत. १९६१ च्या जूनमध्ये आम्ही कुवेतला पोचलो आणि बनेद अल-गारमधल्या एका छोट्या लॉजमध्ये उतरलो. खिडकीतून समुद्र दिसे. वारा मात्र भट्टीसारखा येई.

या लॉजमध्ये खोल्या झाडणारा, साहेबांसाठी पाणी उकळणारा माणूस म्हणजे गफूर. हर्णैचा, चाळिशीचा. बापाच्या मचव्याची शिडे शिवता शिवता त्याचा हात दोऱ्यावर बसला होता. कुवेतमध्ये त्याला आठ वर्षे झाली होती. मुलगी नूरी दोन वर्षांची असताना एकदाच तो घरी जाऊन आला होता. आता मात्र लॉजच्या मालकाने शब्द टाकल्यामुळे त्याला बायकोमुलीला आणण्याचा कागद मिळाला होता. जमिला आणि नूरी वीस जुलैच्या आगबोटीने येणार होत्या. गफूरने एक खोली घेऊन तिला स्वतः चुना लावला होता. या माणसाला जगाकडून आणखी काही नको होते.

पहिल्या दिवशी त्याला माझी फाडलेली पाने खाटेखाली सापडली. त्याने झाडू बाजूला ठेवला, पाने उचलली, फुंकर मारली आणि कपाळाला लावली. दारात स्वयंपाकी जाफर उभा होता. तोही कोकणातलाच.

"गफूर, काय करतंस? कचरा हाय तो."

"कचरा कसा? लिवलेला कागद हाय. पायाखाली कसा जाऊ देऊ?"

"अरे, इंग्रजी हाय."

"मना कुठं वाचता येतंय, जाफरभाय? त्यात अल्लाचं नाव असलं तर?"

माझ्यात अल्लाचे नाव नव्हते. त्या पानावर जुलाब झाल्यास काय करावे ते लिहिले होते. मला गफूरचे फार हसू आले. अडाणी तो अडाणीच, असे मी मनात म्हटले. पण तो रोज पाने गोळा करत राहिला, ट्रंकेत कुराणशरीफ गुंडाळलेल्या कपड्याखाली ठेवत राहिला, आणि एका शुक्रवारी दुपारी त्याने ती सगळी दाभणाने नीट शिवून टाकली. माझ्या छापखान्यातही मला कुणी इतक्या मायेने शिवले नव्हते. मित्रांनो, त्या दिवशी मला बरे वाटले, हे कबूल करते.

जुलै उजाडला. कुवेत नुकताच स्वतंत्र झाला होता. शेजारचा इराक त्यावर हक्क सांगत होता, बंदरावर इंग्रजांचे सैन्य उतरत होते, आणि रस्त्यारस्त्यावर परक्यांचे कागद तपासले जात होते. अशात डेल साहेबांना मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाचा पत्ता आठवेना. माझ्या कुठल्याशा पानाच्या कडेला त्यांनी तो पेन्सिलीने लिहिला होता. पान स्वतः फाडून टाकल्याचे ते विसरले. काही हरवल्यास आरडाओरडा न करता मालकाला कळवावे, असे मीच शिकवले होते. त्यांनी कळवले.

मालकाने नोकरांच्या ट्रंका उघडायला लावल्या. गफूरच्या ट्रंकेतून मी निघाले. पत्ता सापडला, पण त्या पानाच्या मागच्या बाजूला साहेबांच्या हातचा नकाशा होता. लॉज, समुद्रकाठचा रस्ता, बंदर, तेलाच्या टाक्या. तो पाहून मालकाचा चेहरा उतरला. आपल्या लॉजमध्ये हेर निघाला असे उद्या कुणी म्हणू नये, म्हणून त्याने स्वतःच पोलिसांना बोलावले.

आलेल्या अधिकाऱ्याला घरच्या मुंबईशी चालणाऱ्या व्यापारामुळे हिंदी चांगले येत होते. त्याने मला टेबलावर आपटले.

"ये क्यों छुपाया?"

"छुपाया नहीं साब. लिखा हुआ कागज जमीन पे पडा था. पाँव के नीचे नहीं आना चाहिये, इसलिये उठाया."

"अंग्रेजी कागज? इसकी कैसी इज्जत?"

"साब, मेरे को पढना नहीं आता."

अधिकाऱ्याने माझी पाने चाळली. मग डेल साहेबांकडे वळून त्याने इंग्रजीत सरळ विचारले, "ही पाने तुम्ही स्वतः फाडून टाकली होती का?"

साहेबांना तोवर सगळे आठवले होते. त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. नुसते 'हो' म्हणायचे होते. पण मी टेबलावर उघडी पडले होते, आणि उघडे पान होते शिवलेल्यांतले एकोणिसावे. 'स्थानिक पोलिसांच्या भानगडीत पडू नये. साक्षीत अडकल्यास प्रवास लांबतो.' साहेबांची नजर त्या ओळींवरून फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे विमान होते.

"नक्की आठवत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी पत्ता वहीत उतरवून घेतला आणि सामान बांधायला वर गेले. गफूरने त्याही संध्याकाळी त्यांच्यासाठी पाणी उकळून ठेवले.

अधिकाऱ्याला हेरगिरी वगैरे काही दिसली नाही. "ले जा अपना खजाना," म्हणत त्याने मला गफूरच्या अंगावर फेकले. पण त्या दिवसांत संशय आला तेवढे पुरे होते. मालकाने गफूरची जबाबदारी झटकली. राहण्याचा परवाना रद्द झाला, आणि मुंबईला जाणाऱ्या पहिल्या आगबोटीने त्याला परत पाठवायचे ठरले. पहिली आगबोट वीस जुलैची होती, जमिला येणार होती तीच.

शुवैख बंदराच्या धक्क्याला बोट लागली. पोलिसाने गफूरला शिडीवरून वर आणले. मी त्याच्या बोचक्यात होते. डेकवर उतारूंचे कागद तपासणे चालले होते, आणि कठड्याशी जमिला उभी होती. हातात सोड्यांची आणि आमसुलांची पिशवी, ओढणीआड नूरी. गफूर दिसताच ती मोठ्याने हसली.

"अवो, आमाला न्यायला वरती कनाला आलाव? आमी आलो असतो ना खाली!" मग तिने मुलीला पुढे ढकलले. "नूरी, हे तुझे बावा. सलाम कर."

नूरीने लाजत सलाम केला. पोलिसाने कागद बोटीवरच्या माणसाच्या हाती दिला आणि तो एकटाच खाली उतरला. जमिलाने पिशवी गफूरच्या हातात दिली, बिछाना उचलून काखेत मारला आणि शिडीकडे निघाली.

"जमिला," गफूर म्हणाला, "बस जरा."

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन दूरदेशी जाल. पाणी उकळून प्या, पासपोर्ट सांभाळा. माझे ते सल्ले खोटे नव्हते. पण तुमच्यामुळे कुणी अडकला असेल आणि तुमच्या एका शब्दाने सुटणार असेल, तर तो शब्द बोला आणि विमान चुकू द्या. एवढे मात्र माझ्या एकाही पानावर कुणी छापले नाही. डेल साहेबांचे विमान वेळेवर सुटले.