मी, मिन्कोच्या विनोदांची पिशवी

मी चाकांची पिशवी बोलतेय. हो, तीच, दाराआड छत्रीला टेकून उभी असलेली, निळ्या चौकड्यांची. माझं एक चाक माझं स्वतःचं आहे, दुसरं कुणाच्या तरी बाबागाडीचं. त्यामुळे चालताना मी जरा लंगडते, बोलताना मात्र नाही.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते आमच्या गावच्या बाजारापासूनचं. त्सोन्काने मला उचललं, उलटं केलं, शिवण ओढून पाहिली आणि दुकानदाराला म्हणाली, "माझ्या नवऱ्यापेक्षा मजबूत दिसते ही. द्या बांधून." मी तेव्हाच ओळखलं, घर बोलकं मिळालं.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. पोटात कांद्याची पात, पाव, वर दह्याची बरणी. पानगळ लागली की आमच्याकडे अंगणाअंगणात चुली पेटतात. लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, टोमॅटोत आटवून हिवाळ्यासाठी बरण्या भरायच्या. त्या दिवसांत मी इतक्या मिरच्या वाहिल्या की तो वास अजून माझ्या कापडात आहे.

मग मिन्कोला पुस्तक झालं. मूल झालं म्हणतात तसंच म्हणते मी, कारण घरातली धांदल तशीच होती.

मिन्को म्हणजे त्सोन्काचा नवरा. जन्मभर डेअरीत चीज मिठाच्या पाण्यात मुरवत बसला, पण डोक्यात सदा विनोद. सुचला की औषधाच्या खोक्यावर लिही, बिस्किटाच्या पुड्यावर लिही. एकदा तर त्सोन्काच्या शिवणाच्या खडूने जेवणाच्या टेबलावरच लिहून ठेवला. पावाच्या रांगेत पुढच्याच्या खांद्यावर टकटक करून म्हणायचा, "हे ऐका हो, हसू येतं का सांगा." आणि सांगता सांगता स्वतःच इतका हसायचा की शेवट कुणाला ऐकूच यायचा नाही.

राजधानीतल्या प्रकाशकांनी साधं उत्तरही दिलं नाही. तेव्हा यानेच पदरमोड करून छापलं, 'सासूची बकरी आणि इतर संकटं'. छापलं ते हारालांपीकडे. हारालांपीचा छापखाना मयताच्या कागदांवर चालतो. आमच्यात कुणी गेलं की काळ्या चौकटीत त्याचा फोटो, खाली नाव, अंत्यविधीचं ठिकाण, वेळ, असा कागद छापून दारावर, खांबावर, झाडावर चिकटवतात. ज्याला त्याला एक दिवस हारालांपीच्या चौकटीत बसायचंच आहे, म्हणून सगळं गाव त्याच्याशी गोडीने वागतं.

पुस्तकांची खोकी घरी आली आणि मिरच्या काढून मिन्कोने मला पुस्तकांनी भरलं. विनोद मिरच्यांपेक्षा जड असतो हे मला त्या दिवशी कळलं. माझं चाक मोडलं ते त्याच वर्षी.

कुठे कुठे हिंडलो आम्ही! लग्नात आहेर म्हणून पुस्तक, बारशाला पुस्तक, दाताच्या डॉक्टरकडे दाढ काढून घेतली तर रुमालाने गाल धरून वर त्यालाच पुस्तक. लोक हसतमुखाने घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. एका घरी ते टेबलाच्या आखूड पायाखाली दिसलं. मला वाईट वाटलं. मिन्को माझ्याकडे वाकून म्हणाला, "बघ, कुणाला तरी आधार झालंय."

गाव हसत नाही, हे त्याने पचवलं होतं. पचत नव्हतं ते दुसरंच. रोज संध्याकाळी तो त्सोन्काला एक विनोद वाचून दाखवायचा. ती विणकामावरची मान न उचलता विचारायची, "झालं?" तो म्हणायचा, "झालं." मग वही मिटायचा आणि माझ्या कप्प्यात ठेवायचा. त्या वेळी त्याची बोटं कशी गळून जायची, ते कप्प्यालाच ठाऊक.

एका पानगळीत त्याने गावच्या वाचनालयात वाचनाचा कार्यक्रम ठरवला. आधी दोनदा झाला होता, आणि दोन्ही वेळा झाडणारी बाई सोडून कुणी थांबलं नव्हतं. त्सोन्का बहिणीच्या गावी मिरच्या आणायला निघाली होती. दारात उभी राहून म्हणाली, "ऐक. नातू आला तर त्याला निजवायला जागा नाही घरात, सगळीकडे तुझी खोकी. या खेपेला वाचनालय रिकामं राहिलं तर चुलीत लाकडांऐवजी पुस्तकं घालीन. आणि माझी पिशवी मला परत."

"आणि भरलं तर?"

"भरलं तर मी स्वतः पुढच्या रांगेत बसून ऐकीन. पुस्तकाच्या पहिल्या पानापासून."

मिन्को मला ओढत थेट हारालांपीकडे गेला, जाहिरातीचे कागद छापायला.

"रंगीत कागद संपलाय," हारालांपी म्हणाला. "चौकटीचा तेवढा आहे."

मिन्कोने मांडीवर थाप मारली. "तोच दे! विनोदी लेखकाची जाहिरात मयताच्या कागदावर! लोक पोट धरून हसतील. खाली लिही, 'अजून धडधाकट आहे, येऊन खात्री करून घ्या.'"

"आणि फोटो?"

"ओळखपत्रावरचा लाव."

त्या फोटोत तो खरोखरच गेल्यासारखा दिसतो.

हारालांपीने चष्मा पुसला. "बघ बाबा. लोक चौकट बघतात, तोंड बघतात, उसासा टाकतात. ठिकाण-वेळ तेवढी टिपतात, त्याखालचं कुणी वाचत नाही."

"माझं वाचतील."

पहाटे आम्ही गावभर कागद चिकटवले. बसथांब्यावर, चौकात, आणि हौसेने स्वतःच्या फाटकावरही. मग मिन्को वाचनालयात शिरला, आतून कडी लावली आणि दिवसभर रिकाम्या खुर्च्यांसमोर सराव करत बसला. इकडे शेजारच्या स्तोयना मावशीने फाटकावरचा कागद पाहिला, दार ठोठावलं, आत चिटपाखरू नाही. तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. घरी जाऊन गहू उकडायला ठेवला, मयताच्या वेळी आलेल्यांना वाटतात तो, साखर आणि अक्रोड घातलेला.

संध्याकाळी मिन्कोने कडी काढली आणि पडद्यामागे येऊन माझ्याजवळ उभा राहिला. पावलं वाजू लागली. एक, मग चार, मग मोजवेना. त्याने फट करून पाहिलं आणि माझा दांडा घट्ट धरला. "पिशवे, भरलं गं! भरलं!"

मला मात्र बोलणं ऐकू येत होतं.

"चांगला होता हो. पावाच्या रांगेत वेळ जायचा."

"त्याचं पुस्तक वाचणारच होतो मी. उद्यापासून सुरू करणार होतो."

"शवपेटी कुठे दिसत नाही ती?"

तेवढ्यात मिन्को मला ओढत पडद्याबाहेर आला. सगळे काळ्या कपड्यांत. हातात कार्नेशनची फुलं, कुणाकडे दोन, कुणाकडे चार. आमच्यात मेलेल्याला सम फुलं वाहतात, जित्याला विषम.

गव्हाचा वाडगा स्तोयना मावशीच्या हातातून सुटता सुटता राहिला. "अगं आई गं! मिन्को, तू?"

"मीच. कागद वाचला नाहीस, मावशी?"

"वाचला की! चौकट होती!"

मागून कुणीतरी ओरडलं, "मेला तरी पुस्तक घेऊनच आलाय!" आणि जो हशा उठला, असा त्या वाचनालयाने कधी ऐकला नव्हता. जित्या माणसासमोर सम फुलं धरायची म्हणजे अपशकुन, म्हणून ज्याने त्याने घाईघाईने एकेक फूल उपसलं. ठेवायचं कुठे? मला पुढे ओढलं. पुस्तकं काढली आणि फुलं भरली. तोवर मावशीने वाडगा फिरवला, "खा आता, शिजवलेलं परत कोण नेतंय!" लोक गहू खात बसले आणि मिन्को वाचू लागला.

तो बकरीपर्यंत पोचला होता, एवढ्यात दार धाडकन उघडलं. त्सोन्का! बसमधून उतरताच खांबावर नवऱ्याचं तोंड पाहिलं होतं तिने. डोक्याचा रुमाल सुटलेला, हात मिरच्यांनी लाल, मुठीत कुणाच्या तरी कुंपणातली दोन फुलं. ती सरळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"मेल्या!" म्हणत तिने तीच फुलं त्याच्या डोक्यात हाणली. "काळीज बंद पडलं असतं ना माझं!"

"खाली लिहिलं होतं गं," मिन्को पुटपुटला. "धडधाकट आहे म्हणून."

"तुझं लिहिलेलं मी कधी वाचते का!"

हे तिच्या तोंडून गेलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. आणि त्सोन्का हसली. आधी नाकातून, मग पोट धरून, मग खुर्चीचा आधार घेऊन. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "मिरच्या झोंबल्यात." त्या मिरच्या गोड असतात. मी वाहिल्यात, मला विचारा.

मारामारीत एक फूल मोडून खाली पडलं होतं. हातात उरलं होतं एकच. तिने त्याच्याकडे पाहिलं, मिन्कोकडे पाहिलं आणि ते त्याच्या खिशात खोचलं. मग पुढच्या रांगेत जाऊन बसली. "हं. पहिल्या पानापासून."

त्या पानगळीत आमच्या चुलीत लाकडंच जळली. आता मी एक दिवस मिरच्या वाहते, एक दिवस पुस्तकं. त्सोन्का अजूनही प्रत्येक विनोदाला हसत नाही, पण विणकाम खाली ठेवते. फाटकावरचा कागद कुणी काढला नाही. असले कागद आमच्यात फाडत नाहीत, वाऱ्यापावसावर सोडतात. कागदावरचं मिन्कोचं तोंड आता पुसट झालंय आणि जाणारे येणारे त्याला विचारतात, "काय रे, अजून धडधाकट?"

माझं दुसरं चाकही आता कुरकुरतं, फार दिवस निघतील असं नाही. जाण्याआधी तुम्हांला एकच सांगणं. कुणी काही लिहून तुमच्या दाराशी आणलं, तर हसू येवो न येवो, खालच्या ओळीपर्यंत वाचा. माणूस बरेचदा तिथेच जिवंत असतो.