सरळ केलेला चष्मा

चष्म्याच्या दुकानात एक साधी परीक्षा असते. चष्मा उघडायचा, काचेच्या टेबलावर उलटा ठेवायचा आणि बोटाने हलकेच दाबायचा. डुगडुगला नाही, तर सरळ. डुगडुगला, तर दांडी गरम करून वाकवायची. बाबांनी थोरलीला हे शिकवलं, तेव्हा तिची हनुवटी जेमतेम टेबलाला लागत होती.

आता बाबा नव्हते आणि दुकान तीच उघडत होती. येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याबद्दल बोलायचा, मग नंबराबद्दल. शेजारचे निवृत्त मास्तर तर नुसतेच येऊन बसत.

"तुझा बाप मोठा खट होता," मास्तर म्हणाले. "मला म्हणायचा, मास्तर, देवानं तुम्हाला नाक दिलं, पण चष्म्याचा विचार केला नाही. आणि दुपारी भर गर्दीत शटर ओढून खुशाल घरी जेवायला. म्हटलं, अरे, गिऱ्हाईक जाईल. तर म्हणतो, गेलं तर दुसरं येईल. मी ताटावर दिसलो नाही, तर धाकटी घास गिळत नाही."

थोरली हसली.

बाबांचीच रीत म्हणून तीही दुपारी घरी गेली. आईचा डोळा लागला होता. बाबा गेल्यापासून आई चष्मा कुणाच्या हाती देत नव्हती. आज तो उशाशी पडला होता आणि त्याचा एक स्क्रू निखळायला आला होता. आईसाठी एवढं तरी करावं, म्हणून थोरलीने तो रुमालात गुंडाळून दुकानात नेला.

स्क्रू पिळला, काचा पुसल्या, चष्मा टेबलावर उलटा ठेवला. तो पाय मोडलेल्या स्टुलासारखा डुगडुगला. तिला वाटलं, आजारपणात बाबांचे हात थरथरत होते, त्यांच्याकडून राहून गेलं असेल. तिने दांडी गरम हवेवर धरली आणि वाकवून सरळ केली. पुन्हा दाबून पाहिलं. चष्मा जागचा हलला नाही. बाबांनी पाठ थोपटली असती, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी आईने तो चढवला. एक काच भुवईवर गेली, दुसरी गालावर उतरली.

"हा माझा नव्हे," आई म्हणाली.

"तुझाच आहे. वाकडा झाला होता, मी सरळ केला."

आईने चष्मा काढून ठेवला. मग तिने केस मागे सारले. "हा कान बघ. आता तो बघ."

एक कान दुसऱ्यापेक्षा बोटाच्या रुंदीइतका खाली होता. या आईच्या मांडीवर थोरली वाढली होती, आणि तिला हे कधी दिसलं नव्हतं.

"माहेरी मला तिरपी म्हणायचे," आई म्हणाली. "फोटो काढायचा म्हटला की मी लपून बसायची. लग्नानंतर ह्यांनी चष्मा करून दिला आणि दांडी अशी काही वाकवली, की आरशात मीच मला सरळ दिसले. पुढे कितीदा फ्रेम बदलली, पण माझ्या चष्म्याला दुकानातल्या कारागिराचा हात लागू दिला नाही. मीच म्हटलं होतं, पोरांना सांगू नका. नाही सांगितलं त्यांनी."

थोरलीने चष्मा हातात घेतला. बाबांच्या हातचं एवढं एक वळण काय ते उरलं होतं, आणि तिने ते चार मिनिटांत, चांगलं समजून, घालवलं होतं.

"मी परत तसंच करते," ती म्हणाली. "बाबा कसे करायचे, सांग ना."

"मला समोर बसवायचे आणि म्हणायचे, डोळे मीट."

"मग?"

"मग मी डोळे मिटायची. मला काय ठाऊक, बाई?"

आई खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटले. थोरलीने दांडी गरम पाण्यात धरली, वाकवली, लावून पाहिली. जास्त झाली. पुन्हा वाकवली. दोन्ही तळव्यांत आईचे कान धरून तिने त्यांच्यातली उंची बोटांनी चाचपली. आईचा चेहरा एवढ्या जवळून तिने मोठेपणी कधी पाहिला नव्हता. दोघींपैकी कुणीच रडणं लपवत नव्हतं.

शेवटी चष्मा बऱ्यापैकी बसला. बाबांसारखा नाही, पण बसला.

"झालं, आई. उघड डोळे."

आईने उघडले नाहीत. थोरलीचे हात तिने आपल्या कानांवर तसेच दाबून धरले.

"थांब जरा," ती म्हणाली. "एवढ्यात नको."